एक गुंठा, एक पिक्सेल

मामांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. ऑक्टोबरचा महिना, लातूर जिल्ह्यात परतीच्या पावसाने आठवडाभर झोडपून काढलेलं. मामा म्हणाले, "सोयाबीन गेलं रे. शेंगांना कोंब फुटलेत."

त्या दिवसांत मी उपग्रहाच्या चित्रांच्या नादी लागलो होतो. काम सॉफ्टवेअरचं, पण शनिवार-रविवार सगळा यातच जायचा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. मामांच्या शेताच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मी लॅपटॉपवर साठवून ठेवले होते. फोन कानाला लावूनच मी चित्र उघडलं. पाऊस उघडल्यानंतरच्या एका स्वच्छ सकाळचं होतं. शेत हिरवंगार दिसत होतं. आकडाही चांगला, शेजारच्या शेतांपेक्षा जास्तच.

मी म्हणालो, "मामा, तुमचं शेत तर चांगलं दिसतंय की. आजूबाजूच्यांपेक्षा हिरवं आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्यांनी मला शेतात नेलं. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर घातलेली होती, ती पावसाने फोफावली होती. मधल्या जागेत गुडघाभर तण. त्यात वाळून काळं पडलेलं सोयाबीन. एक शेंग सोलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. दाण्याला कोंब आला होता आणि तोही आता सुकला होता. "तुला हिरवं दिसलं ते तुरीचं आन् तणाचं," मामा म्हणाले. "सोयाबीनचं काय दिसणार? ते वाळूनच गेलतं."

ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

उपग्रहाचं चित्र चुकीचं होतं, असं मला म्हणायचं नाही. शेत खरंच हिरवं होतं. चूक माझी होती, आणि ती तांत्रिक आहे असं मला वाटत नाही. ज्या माणसाचे पाय चिखलात होते त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला नाही आणि शेकडो किलोमीटर वरून काढलेल्या चित्रावर ठेवला. असं का झालं? वरून दिसतं ते नेमकं कोणत्या जातीचं ज्ञान आहे? आणि वरून बघणारा माणूस खालच्या माणसाचं काही देणं लागतो का?

*

आधी हे बघणं कसं चालतं ते समजून घेऊ.

सेंटिनेल-२ जमिनीपासून ७८६ किलोमीटरवरून फिरतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो उचलून उभा केला तरी उपग्रह त्याच्याही वर राहील. आपल्याकडे तो सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी तीच जमीन पुन्हा बघतात.

बघतात म्हणजे काय करतात, तर जमिनीवरून परत येणारा सूर्यप्रकाश मोजतात. तो १३ वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजला जातो. त्यांतले काही पट्टे आपल्या डोळ्यांना दिसतात, काही दिसत नाहीत. पिकांसाठी दोन पट्टे महत्त्वाचे: लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. पानातलं हरितद्रव्य अन्न तयार करण्यासाठी लाल प्रकाश शोषून घेतं. पानाच्या आतल्या पेशींची रचना मात्र अवरक्त प्रकाश परत फेकते. त्यामुळे निरोगी पान लाल पट्ट्यात अंधारं आणि अवरक्तात लख्ख दिसतं. उघड्या मातीत हा फरक फारसा नसतो.

या फरकावरून एक आकडा काढतात, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा दाट पिकाने ५ टक्के लाल आणि ४५ टक्के अवरक्त परत पाठवला. ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. उघड्या मातीने २० टक्के लाल आणि २५ टक्के अवरक्त पाठवला, तर ५ भागिले ४५, म्हणजे साधारण ०.११. दुष्काळाचे नकाशे, पिकांचे अंदाज, 'हिरवळ वाढली की घटली' याच्या बातम्या, या सगळ्यांच्या मुळाशी बऱ्याचदा एवढंच गणित असतं.

आता पिक्सेल. सेंटिनेल-२ चा या पट्ट्यांतला एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी चकित झालो होतो. गुंठ्यासाठी आपल्याकडे भाऊ-भाऊ कोर्टात जातात. आकाशातल्या यंत्राचं सगळ्यात लहान मापही जवळपास तेवढंच निघालं. एक गुंठा, एक पिक्सेल.

पण पिक्सेल म्हणजे त्या गुंठ्याचा फोटो नव्हे. तो त्या गुंठ्याबद्दलचा, प्रत्येक पट्ट्यासाठी एकेक आकडा असतो. त्या गुंठ्यात बांध असेल, बाभूळ असेल, तुरीची ओळ असेल, तण असेल, वाळलेलं सोयाबीन असेल. सगळ्यांचा प्रकाश एकत्र होऊन एकच आकडा येतो. वरच्या उदाहरणात अर्धा गुंठा दाट पीक आणि अर्धा गुंठा उघडी माती असेल तर लाल येईल १२.५ टक्के, अवरक्त ३५ टक्के आणि एनडीव्हीआय साधारण ०.४७. हा आकडा वाचणारा म्हणेल, इथे मध्यम पीक आहे. मध्यम पीक तर त्या गुंठ्यात कुठेच नाही. एका बाजूला उत्तम आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

माझ्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं होतं. तूर, तण आणि मेलेलं सोयाबीन यांची बेरीज 'चांगलं पीक' अशी आली होती. बेरीज बरोबर होती, तिला दिलेलं नाव चुकलं होतं. आणि ते नाव उपग्रहाने दिलं नव्हतं, मी दिलं होतं.

*

हे नाव देणं म्हणजे काय, ते समजायला मला आपल्या जुन्या न्यायदर्शनाची मदत झाली. इंजिनिअरिंगला हे कुणी शिकवत नाही, पण शिकवायला हवं होतं असं आता वाटतं.

न्यायदर्शन विचारतं की खरं ज्ञान कोणत्या वाटांनी येतं. त्या वाटांना प्रमाणं म्हणतात. त्यांतली तीन आपल्या कामाची आहेत. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी थेट कळलेलं. अनुमान म्हणजे एका खुणेवरून दुसरी गोष्ट ओळखणं. आणि शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितल्यावरून कळलेलं.

अनुमानाचं नेहमीचं उदाहरण अनेकांनी ऐकलेलं असेल: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. आग दिसलेली नाही, धूर दिसलाय. धूर आणि आग यांचं नातं आधीपासून माहीत आहे म्हणून आपण आगीपर्यंत पोचतो. नैयायिक इथे थांबले नाहीत. हे नातं उलटं फिरवता येईल का, असं त्यांनी विचारलं. आग आहे म्हणजे धूर असेलच का? तर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला इंधन ओलं लागतं. नजरेआड राहिलेल्या अशा अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटलं. ही अट लक्षात घेतली नाही की अनुमान फसतं.

या चष्म्यातून उपग्रहाकडे बघा. यंत्राला 'प्रत्यक्ष' काय मिळतं? लाल आणि अवरक्त प्रकाश किती, एवढंच. 'इथे पीक आहे', 'ते सोयाबीन आहे', 'ते चांगलं आहे', या पुढच्या सगळ्या पायऱ्या अनुमानाच्या. आणि प्रत्येक पायरीवर उपाधी लपलेली असते. हिरवं म्हणजे पीक, पण तण नसेल तर. हिरवं सोयाबीन म्हणजे निरोगी, पण पेरणी वेळेवर झाली असेल तर. उशिरा पेरलेलं पीक उशिरापर्यंत हिरवंच राहणार. पिवळं सोयाबीन म्हणजे काढणीला आलेलं, पण पिवळा मोझॅक पडला नसेल तर. शेत मोकळं म्हणजे माल घरी गेला, पण कापून शेतात पसरलेलं सोयाबीन पावसात भिजून सडलं नसेल तर.

या अटी मामांना तोंडपाठ आहेत. मला एकही माहीत नव्हती. मात्र माझ्यासमोर चित्र होतं आणि चित्राची गंमत अशी की ते अनुमान असूनही प्रत्यक्षासारखं दिसतं. 'मी बघितलं' असं मला प्रामाणिकपणे वाटलं. मी फक्त एक अंदाज केला होता.

यावर कुणी म्हणेल, पिकांचं किचकट असतं, आगीसारखी सरळ गोष्ट घ्या. आग घेऊ. पंजाब-हरियाणात भात काढल्यावर शेतात उरलेले खुंट जाळतात आणि त्या धुराचा दिल्लीला त्रास होतो. या आगी मोजायला अनेक वर्षं नासाच्या ज्या उपग्रहांचा आधार घेतला गेला, ते तिथून दुपारी दीडच्या सुमारास जातात. अलीकडच्या वर्षांत मोजलेल्या आगींची संख्या खूप घटली आणि ते यश म्हणून सांगितलंही गेलं. पण २०२४ मध्ये नासातले शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी एक विसंगती दाखवली. आगी घटल्या, तरी हवेतला धूर त्या प्रमाणात घटलेला दिसत नव्हता. मग त्यांनी दक्षिण कोरियाच्या एका उपग्रहाची चित्रं बघितली. हा उपग्रह एकाच जागी थांबल्यासारखा राहून दर १० मिनिटांनी चित्र घेतो. त्या चित्रांवरून दिसत होतं की दुपारचे उपग्रह निघून गेल्यानंतर जाळणं सुरू होतंय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

म्हणजे आग 'दिसत' नव्हती, पण धूर दिसत होता आणि धुरावरून आग ओळखली गेली. शेकडो वर्षं पाठ्यपुस्तकात असलेलं उदाहरण पंजाबच्या आकाशात जसंच्या तसं घडलं. 'दीड वाजता आग दिसली नाही' याचा अर्थ 'आग नव्हती' असा घेतला गेला, तिथे उपाधी सुटली. न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे. तो फरक एका बाजूला हवा बिघडवतो, दुसऱ्या बाजूला एखाद्या शेतकऱ्याची भरपाई अडवू शकतो.

*

इथपर्यंत वाचून वाटेल की मी उपग्रहाच्या विरोधात आहे. तसं नाही, आणि नसण्याची कारणं भक्कम आहेत.

पहिलं म्हणजे सरासरीने बघणं हा उपग्रहाचा शोध नव्हे. सरकार शेतकऱ्याकडे कायम सरासरीतूनच बघत आलंय. आपल्याकडे गावाची पैसेवारी काढतात. ती ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत, वर गेली तर नाही. पीकविम्याचंही तसंच. मुख्य भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर. तुमच्या शेतात काय झालं यापेक्षा मंडळात सरासरी काय झालं ते मोजलं जातं. माझा पिक्सेल निदान एका गुंठ्याची सरासरी काढतो. मंडळाच्या सरासरीत कित्येक गावं बुडून जातात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. उपग्रहाला आडनाव दिसत नाही. बांधाच्या अलीकडे पुढाऱ्याचं शेत आहे की पलीकडे विधवेचं, हे त्याला कळत नाही. त्याला चहा पाजावा लागत नाही, पंचनाम्याला या म्हणून हेलपाटे घालावे लागत नाहीत. रस्त्याकडेचं शेत आणि ओढ्यापलीकडचं शेत त्याला सारखंच लांब. गावात राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही की माणसाची नजर अशी निःपक्ष नसते. अमेरिकेने १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅटपासूनचा चित्रांचा साठा २००८ पासून सगळ्यांना मोफत खुला झाला. सेंटिनेलची चित्रं तर पहिल्यापासूनच मोफत आहेत. गायरानावर अतिक्रमण कधी झालं, नदीतली वाळू कुठून उपसली गेली, डोंगर कुणाच्या काळात पोखरला, हे आता खेड्यातला एखादा पोरगाही मोबाईलवर दाखवू शकतो. पूर्वी वरून बघण्याची ताकद फक्त राजाकडे होती.

म्हणून दुष्काळ ठरवताना नुसत्या माणसाच्या शेऱ्यावर न थांबता उपग्रहाचाही आधार घ्यावा, हे योग्यच आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पाऊस, ओलावा, पाणीसाठा यांच्या जोडीला उपग्रहावरून काढलेले वनस्पतींचे निर्देशांक आले. या निकषांवर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ मध्ये आधी ४० तालुके जाहीर झाले. त्यावर ओरड झाली, कारण कोरडी पडलेली कितीतरी गावं यादीबाहेर राहिली होती. मग आणखी एक हजाराहून जास्त महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली.

दोन याद्यांच्या मधल्या काळात आकाशातून वेगळं काही दिसायला लागलं, असं मला वाटत नाही. खालून लोक बोलले आणि रेषा सरकली. निःपक्ष असणं आणि न्याय्य असणं या दोन गोष्टी आहेत. यंत्र पहिली देऊ शकतं. दुसरीसाठी कुणीतरी ऐकावं लागतं.

*

निःपक्ष यंत्राच्या चुका निःपक्ष असतात का? हा प्रश्न मला माझ्या धंद्यातल्या माणसांना विचारायचा आहे.

आम्ही मॉडेल बनवतो आणि अभिमानाने सांगतो, अचूकता ९० टक्के. ऐकणाऱ्याला वाटतं, चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील, आज माझ्या वाट्याला, उद्या तुझ्या. शेताच्या बाबतीत साधं गणित करून बघा.

एक हेक्टरचं चौकोनी शेत घ्या, १०० मीटर बाय १०० मीटर. त्यात १० मीटरचे १०० पिक्सेल बसतात. त्यांतले ३६ कडेचे. कडेच्या पिक्सेलमध्ये थोडासा जरी सरकलेपणा आला तरी बांध, रस्ता, शेजाऱ्याचं पीक मिसळतं. उरले ६४ पूर्णपणे आतले, भरवशाचे. आता ३०० मीटर बाय ३०० मीटरचं, ९ हेक्टरचं शेत घ्या. पिक्सेल ९००, कडेचे ११६, म्हणजे फक्त १३ टक्के. आता उलट्या दिशेने जा. ४० मीटर बाय १०० मीटर, साधारण एक एकर: पिक्सेल ४०, कडेचे २४, म्हणजे ६० टक्के. आणि २० मीटर बाय ५० मीटर, साधारण १० गुंठे: पिक्सेल १०, सगळेच्या सगळे कडेचे.

१० गुंठ्यांच्या शेताला, उपग्रहाच्या दृष्टीने, आतला भागच नाही.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. हीसुद्धा सरासरीच, तिच्या खाली असलेले कितीतरी. भावाभावांत वाटणी झाली की शेताच्या लांब पट्ट्या पडतात, कडा वाढतात, आत कमी होतं. शिवाय ज्याची जमीन थोडी, तो एकाच पिकावर सगळं लावत नाही. सोयाबीनमध्ये तूर, कडेला थोडी ज्वारी, बांधावर भाजी, हा त्याचा स्वतःचा विमा असतो. आणि मिश्र पीक ओळखताना मॉडेल जास्त गोंधळतं.

म्हणजे चुकांचे ते १० टक्के कुणावरही पडत नाहीत. त्यांचा कल ठरलेला असतो. मोठ्या, चौकोनी, एकाच पिकाच्या शेतावर चूक कमी. लहान, वाकड्या, मिश्र पिकाच्या शेतावर जास्त. हे कुणी ठरवून केलं नाही, कुणाच्या मनात पाप नाही. तरीही परिणाम तोच होतो की ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याच्याबद्दल आपल्याला कमी माहीत असतं, आणि ते कमी माहीत असणं '९० टक्के' या आकड्याखाली झाकलं जातं.

यावर तांत्रिक उपाय आहेत आणि ते होतायत. ढगांमुळे पावसाळ्यात अडचण येते, तर रडार आहे. ते स्वतःच्या लहरी सोडतं, त्या ढगांतून आरपार जातात. भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला, त्यावर अशी दोन रडारं आहेत. पिक्सेलही आणखी लहान होतील. पण रडारला पिकाचा खडबडीतपणा आणि ओलावा कळतो, शेंगेतला कोंब कळत नाही. पिक्सेल कितीही लहान झाला तरी त्याला नाव द्यावंच लागेल, आणि नाव देणारा चुकू शकेल. जबाबदारी सुधारणेवर ढकलून आपल्याला मोकळं होता येत नाही.

प्रधानमंत्री पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचं ठरलं. पुढे सोयाबीनचाही त्यात समावेश झाला. यामागचा हेतू मला पटतो. कापणी प्रयोगांत होणारी फिरवाफिरव थांबावी आणि पैसे लवकर मिळावेत. पण आता पिक्सेलला दिलेलं नाव थेट कुणाच्या तरी खात्यात जमा होणाऱ्या किंवा न होणाऱ्या रकमेला जोडलं गेलंय. मी कँटीनमध्ये बसून केलेली चूक फक्त मामांना लागली. तीच चूक एखाद्या सर्व्हरवर झाली, तर ती कुणाला लागली हे करणाऱ्याला कधी कळणारही नाही.

*

आता तिसरं प्रमाण, शब्द.

न्यायदर्शनात शब्द म्हणजे 'आप्ता'चं सांगणं. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात एक मोठी गोष्ट सांगून ठेवलीय: ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, आप्ताची व्याख्या सगळ्यांना सारखीच. शिक्षण, जात, भाषा यांतलं काही त्यात येत नाही. माहीत आहे का आणि खरं सांगतोय का, एवढंच बघायचं. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईकही. माझे मामा दोन्ही अर्थांनी आप्त होते आणि मी त्यांना दोन्ही अर्थांनी नाकारलं.

आप्त खोटं बोलत नाही कशावरून? बोलू शकतो. नुकसान फुगवून सांगणारे असतात, न पेरलेल्या शेताचा विमा काढणारेही असतात. मला गावाचं गोडगुलाबी चित्र काढायचं नाही. शब्द तपासायलाच हवा. पण तपासणं वेगळं आणि आधीच बाद करणं वेगळं. चित्र आणि शब्द यांत तफावत आली की आपली पहिली प्रतिक्रिया 'माणूस खोटं बोलतोय' अशी असते. 'माझ्या अनुमानात काही अट सुटली असेल' हे आपल्याला सुचत नाही. ज्याचं जास्त पणाला लागलंय त्यालाच सिद्ध करायला लावायचं आणि आपण चित्राकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं, ही मला अन्यायाची आजची सगळ्यात सभ्य तऱ्हा वाटते.

गंमत म्हणजे या शास्त्राला स्वतःला हे माहीत होतं. भारतात दूरसंवेदनाचा पाया घालणारे पी. आर. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. त्यांच्या पुढाकाराने १९७० च्या सुमारास केरळात पहिला मोठा प्रयोग झाला, तो होता माडाला लागणाऱ्या रोगाचा. हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर फोटो काढून रोगी माड ओळखायचे. म्हणजे आपल्या देशात वरून बघण्याची सुरुवातच शेतकऱ्याच्या आजारी झाडापासून झाली. पण फोटोतला कोणता ठिपका म्हणजे रोगी माड, हे ओळखायला आधी कुणीतरी झाडाखाली उभं राहून रोगी माड बघितलेला असावा लागतो. जमिनीवर जाऊन केलेल्या अशा नोंदींना या क्षेत्रात सगळे ग्राऊंड ट्रुथ म्हणतात. जमिनीवरचं सत्य. वरून दिसतं त्याला कुणी सत्य म्हणत नाही. त्या शब्दावरचा हक्क जमिनीचाच, हे धंद्याच्या भाषेतच मान्य केलेलं आहे.

आम्ही करतो काय, तर मॉडेल शिकवायला जमिनीवरचं सत्य गोळा करतो आणि मॉडेल शिकलं की जमिनीला गप्प राहायला सांगतो. मला वाटतं, खरी नैतिक चूक इथे आहे. जमिनीला बोलायचा हक्क फक्त शिकवणीपुरता नको, निकालानंतरही हवा. कोर्टाच्या भाषेत सांगायचं तर उपग्रह फार चांगला साक्षीदार आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी लागते. ज्याच्या विरुद्ध तो बोलतो त्याला 'तू काय बघितलंस, कधी बघितलंस, किती लांबून बघितलंस' असं विचारता आलं पाहिजे. ही सोय ठेवली नाही की साक्षीदार न्यायाधीश होऊन बसतो.

तेव्हा पिक्सेलला नाव देणाऱ्याने, म्हणजे माझ्यासारख्याने, दोन गोष्टी तरी पाळाव्यात असं मला वाटतं. एक, नावासोबत शंका लिहावी: कुठल्या दिवसाचं चित्र, ढग किती, शेत किती लहान, किती खात्री. शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत. दोन, ज्या शेताबद्दल निर्णय होतोय त्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला 'नाही, हे असं नाही' म्हणायची जागा ठेवावी, आणि त्याने तसं म्हटल्यावर कुणीतरी खरोखर बांधावर जावं. यात वेळ जाईल, खर्च होईल. पण यंत्रामुळे जो वेळ आणि पैसा वाचला, त्यातला काही भाग तरी ज्यांच्याबाबत यंत्र चुकतं त्यांच्यावर खर्च व्हायला हवा.

*

मी अजूनही मामांचं शेत बघतो. फरक इतकाच की आधी फोन करतो, मग चित्र उघडतो. लॅपटॉपवरच्या तक्त्यात तारीख, ढग, एनडीव्हीआय या रकान्यांच्या शेजारी एक नवा रकाना आहे: मामा काय म्हणाले. कधी दोन्ही जुळतात. जुळत नाहीत तेव्हा मी आधी माझ्या बाजूची चूक शोधतो. बहुतेक वेळा सापडते.

गेल्या उन्हाळ्यात मामांनी आपणहून फोन केला. "तुझ्या त्या उपग्रहात आपला पाझर तलाव दिसतो का?" मी म्हणालो, दिसतो. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळाच गिळतं, त्यामुळे ते चित्रात काळंभोर उठून दिसतं. "मग बघ बरं," ते म्हणाले, "मागच्या साली या टायमाला किती होतं आन् आता किती आहे. ग्रामसभेत सांगायचंय. सरपंच म्हणतो तेवढंच आहे."

मी दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावून पाठवली. पाण्याचा काळा ठिपका बराच आकसलेला होता. कडेच्या पिक्सेलबद्दल काय ते खाली लिहायला विसरलो नाही. मामांचं उत्तर आलं, "ते खालचं काय लिहिलंस ते कळलं नाही. पण मी काल काठावर जाऊन आलो, बरोबर दाखवतंय."